मिसेस विकरींची प्रकृती

पाकीट आलं मंगळवारी, आणि हार्लन विकरीनं ते शुक्रवारपर्यंत उघडलं नाही.

तपकिरी, जाडजूड, कोपऱ्यात सरकारी गरुडाचा शिक्का. पोस्टमन सहीसाठी आला तेव्हा हार्लन अंगणातली पानं ओढत होता. त्यानं सही केली, पाकीट स्वयंपाकघरातल्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि पुन्हा पानं ओढायला गेला. ऑक्टोबरात व्हर्जिनियात पानांना तोटा नसतो. एक ढीग होईपर्यंत मागे दुसरा सडा पडलेला. समोरच्या घरावर जुलैतला झेंडा अजून लटकत होता. देशाला दोनशे वर्षं झाली म्हणून लावलेला, आता उन्हानं विटलेला. तो काढायचा कंटाळा सगळ्या गल्लीनंच केला होता.

अडेलला जाऊन सात महिने झाले होते.

पाकीट खरं तर तिचं होतं. वर नाव हार्लनचं, आतली फाइलही हार्लनच्या परराष्ट्र खात्यातल्या चोवीस वर्षांच्या नोकरीची. पण मागवायचा हट्ट अडेलचा. नव्या कायद्यानं माणसाला स्वतःची सरकारी फाइल बघता येते, असं तिनं पेपरात वाचलं आणि ती त्याच्या मागेच लागली.

"मला फक्त एक पान बघायचंय," ती म्हणायची. "त्या चहाच्या वर्षाचं. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते."

"आता काय करायचंय? मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाली."

"तू झालास. मला कुणी निवृत्त केलं नाही."

जानेवारीत त्यानं अर्ज टाकला. मार्चमध्ये ती गेली. खात्याचं काम खात्याच्या गतीनं चालतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्या नोकरीची रीतच तशी होती. दर वर्षी अधिकाऱ्याचा अहवाल लिहिला जाई, त्याचे दोन भाग. पहिला त्याला दाखवून सही घ्यायची. दुसरा गोपनीय, तो परस्पर वॉशिंग्टनला जायचा. आणि त्या गोपनीय भागात अधिकाऱ्याच्या बायकोबद्दलही लिहायचं असे. घर कसं ठेवते, पाहुण्यांचं कसं करते, पिते किती, बोलते काय. परदेशी नव्या नेमणुकीवर गेलं की पहिल्या आठवड्यात तिनं पांढरे हातमोजे घालून वरिष्ठांच्या बायकांच्या घरी जायचं आणि कार्ड ठेवायचं. कार्डाचा कोपरा दुमडायचा, म्हणजे नोकराकरवी पाठवलं नाही, स्वतः येऊन गेलो असं समजायचं. कार्डावर छापलेलं असायचं 'मिसेस हार्लन विकरी'. अडेल हे नाव त्यावर नव्हतं.

चार वर्षांपूर्वी खात्यानं पत्रक काढलं, की यापुढे बायकांबद्दल काही लिहायचं नाही, त्या काही सरकारी नोकर नव्हेत. हार्लननं ते तिला वाचून दाखवलं. ती भांडी पुसत होती.

"म्हणजे बघ," ती म्हणाली, "चोवीस वर्षं नोकरी केली आणि आज कळलं की मी नोकरीत नव्हतेच."

शुक्रवारी दुपारी मिसेस हॉलोवे आल्या. हातात कापडात गुंडाळलेलं गरम भांडं. बर्निस हॉलोवे चौऱ्याहत्तर वर्षांच्या, दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. त्यांचा नवरा लेस्टर पूर्वी आफ्रिकेतल्या वकिलातीत राजदूताच्या खालोखालचा अधिकारी, हार्लनचा वरिष्ठ. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. निवृत्त झाल्यावर सगळेच या भागात येऊन राहतात तसे विकरीही आले, आणि दोन्ही बायका शेजारणी झाल्या. हार्लन मात्र त्यांना अजून 'मिसेस हॉलोवे' म्हणायचा. बर्निस म्हणायला त्याची जीभ वळत नसे.

"मासा आणि शेवया," त्या म्हणाल्या. "नाक मुरडू नकोस. मागच्या वेळचं भांडं कुठाय?"

"धुऊन ठेवलंय."

"धुतलंस? मग तू माणसात येतोयस." त्या खुर्चीत बसल्या, आणि पाकीट त्यांच्या नजरेला पडलं. गरुड बघितला आणि हातमोजे काढता काढता थांबल्या. "आली का फाइल?"

"मंगळवारी."

"आणि तू अंडं उबवावं तसं तिला उबवत बसलायस."

"उद्या कॉनी येतेय, अडेलचे कपडे न्यायला. म्हटलं, ती आल्यावर बघू."

"मुलीसमोर उघडणार? आधी एकट्यानं वाच."

"का?"

मिसेस हॉलोवेंनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाल्या, "आत काय आहे ते मला ठाऊक आहे म्हणून. अर्धं मीच सांगितलंय."

हार्लनला याचं नवल वाटायला नको होतं. कनिष्ठांच्या बायका कशा आहेत हे वरिष्ठाला त्याच्या बायकोकडूनच कळायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. सकाळच्या नाश्त्याला त्या सांगायच्या, दुपारी नवरे लिहायचे. तरी त्यानं पाकीट आपल्याकडे ओढून घेतलं.

तो चहा हॉलोवेंच्याच घरी होता. मार्च एकोणीसशे साठ. पश्चिम आफ्रिकेतला नवा देश, नव्या मंत्र्यांच्या नव्या बायका, आणि त्यांना अमेरिकेबद्दल चांगलं वाटावं म्हणून वकिलातीतल्या बायका इस्त्रीचे कपडे घालून उभ्या. फेब्रुवारीत इकडे कॅरोलिनात चार काळी पोरं एका दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसली होती. त्यांना कॉफी दिली नाही, आणि ती उठली नाहीत. फोटो जगभर छापून आले. कुणी विचारलं तर काय सांगायचं याचा कागद वकिलातीत आलेला होता. अशी गावं थोडी, कायदा काळ्यांच्या बाजूनं, परिस्थिती झपाट्यानं सुधारत आहे. तीन वाक्यं. अडेलनं ती पाठ केली होती. हार्लननंच आदल्या दिवशी म्हणून घेतली होती.

एका मंत्र्यांची बायको मिसेस क्वार्टे, अंगानं भारदस्त, आवाजानं हळू. तिनं हातातला कप खाली ठेवला आणि नेमकं अडेललाच विचारलं, "ते फोटो खरे आहेत का हो?"

अडेल त्या गावापासून चाळीस मैलांवर वाढलेली. ती म्हणाली, "खरे आहेत. तसल्याच स्टुलावर बसून मी लहानपणी आइसक्रीम खाल्लंय. तुम्ही आला असतात तर तुम्हाला कॉफी मिळाली नसती. आणि मी शेजारी बसून काही बोलले नसते, हेही खरं."

खोलीत चमच्याचाही आवाज झाला नाही, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं.

त्यानंतर हार्लनला बढती मिळाली नाही. एकदाही नाही. थंडीनं गारठलेल्या एका बंदरात पाच वर्षं व्हिसाचे शिक्के मारले, मग वॉशिंग्टनच्या तळघरात कागद लावले. बरोबरीचे राजदूत झाले. खात्यातला एक ओळखीचा एकदा कानात म्हणाला होता, "तुझा घात त्या आफ्रिकेतल्या अहवालानं केला, विकरी." त्याचा अर्थ नवराबायकोनं एकच लावला. सहासष्ट साली बढतीच्या यादीत पुन्हा नाव नव्हतं, तेव्हा हार्लन एकदाच बोलून गेला होता, "चहा महागात पडला." अडेल हसली होती. मग तीच ते म्हणायला लागली. गाडी बंद पडली, केक करपला, कॉनीचं लग्न मोडलं, की म्हणायची, "झाला बाई चहा." घरातली म्हणच झाली ती. पण त्या मार्चनंतरची अकरा वर्षं मेजवान्यांमध्ये ती फक्त हवापाण्याबद्दल बोलली. कुणी काही विचारलं की हसायची. आणि तिचं हे बदलणं हार्लनला तेव्हा सोयीचं वाटलं होतं.

त्यानं भाजी चिरायच्या सुरीनं पाकीट उघडलं. पानं बरीच होती, साल बघत त्यानं साठचं काढलं. चष्मा लावला. मिसेस हॉलोवे खिडकीबाहेरच बघत होत्या.

टंकलेखन लेस्टर हॉलोवेच्या जुन्या यंत्राचं, 'ई' अक्षर जरा वर उडालेलं. त्यानं वाचलं.

'मिसेस विकरी. घर नीटनेटकं, पाहुणचार साधा पण मनापासून. मार्चमधल्या चहाच्या वेळी त्या जे बोलल्या ते दिलेल्या उत्तरांना धरून नव्हतं. तसं मी त्याच वेळी कळवलं आहे. मात्र त्याआधी मिसेस क्वार्टे आमच्या घरी फक्त बोलावल्यावर येत, आता आपणहून येतात. मंत्री मला म्हणाले, या वकिलातीत एक माणूस खरं बोलतं, आम्हाला तेवढं पुरे. मिसेस विकरींना त्या कुटुंबानं तीनदा घरी बोलावलं. तिन्ही वेळा, प्रकृती ठीक नाही, असं त्यांच्या पतीनं कळवलं. त्यांची प्रकृती ठीक होती.'

खाली दुसरा परिच्छेद होता.

'अधिकारी. वक्तशीर, कष्टाळू, मसुदा चांगला करतो. चहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी बोलावलं नसताना, तो माझ्याकडे आला. बायको खेडवळ आहे, तिला समज नाही, यापुढे तिला घरात ठेवीन, असं म्हणून त्यानं हात झटकले. मी त्याला काहीच विचारलं नव्हतं. जिथे कुणाच्या पाठीशी उभं राहण्याची वेळ येईल अशा जागी मी त्याला पाठवणार नाही. बढतीची शिफारस नाही.'

हार्लननं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. पान तेच होतं.

ती सकाळ त्याला आठवत होती. विसरला होता असं नाही. रात्रभर झोप नव्हती, दाढी करताना हनुवटीला कापलं होतं, आणि आठ वाजता हॉलोवेच्या दारात तो उभा होता. अडेल तेव्हा घरी कॉनीच्या वेण्या घालत असेल. आपण नोकरी वाचवली असं त्याला त्या दिवशी परत येताना वाटलं होतं. तिला त्यानं काहीच सांगितलं नाही. आमंत्रणं आली ती ऑफिसच्या पत्त्यावर. त्यांबद्दलही तिला सांगितलं नाही.

"लेस्टरनं ते वाक्य तीनदा खोडलं होतं," मिसेस हॉलोवे म्हणाल्या. "पाठीशी उभं राहण्याचं. म्हणत होता, फार लागेल. मी म्हटलं, राहू दे, तो कुठे वाचणार आहे!"

"तुम्ही तिला हे कधीच सांगितलं नाही?"

"बायकोबद्दल लिहिलेलं बायकोला सांगायचं नाही, हा नियम होता."

"नंतर? पाच वर्षं शेजारी होतात. तिच्या हातचा केक खायला यायचात."

"यायचे." म्हातारीनं हातमोजे मांडीवर सरळ केले. "ती स्वतःच त्या चहाचा विनोद करायची रे. मला वाटलं, तिला खरंच गंमत वाटतेय. आणि खरं सांगू? एकदा दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, हे सांगायचं म्हणजे तुझंही सांगावं लागणार. तिला नवरा राहिला असता का?"

भांड्यातल्या मासा-शेवयांवर साय धरत होती.

"तू मला विचारतोयस," त्या म्हणाल्या, "पण तुला तर ठाऊक होतं, तू काय बोलून आलास ते."

"होतं."

"मग झालं तर."

त्या उठल्या. दारात थांबल्या. पर्स उघडून त्यांनी एक जुनं पाकीट काढलं, परदेशी तिकिटाचं. "हे द्यायलाच आज आले होते. मासा निमित्त होतं. मिसेस क्वार्टेचं नाताळाचं कार्ड, गेल्या वर्षीचं. दर वर्षी येतं मला. दर वर्षी शेवटची ओळ एकच. 'मिसेस विकरींची प्रकृती आता कशी आहे?' सोळा वर्षं ती बाई तुझ्या बायकोच्या तब्येतीची काळजी करतेय, आणि सोळा वर्षं मी लिहितेय, बरी आहे. आता पुढचा नाताळ आला. मी काय लिहू, हार्लन? माझ्याच्यानं आता होत नाही. तू लिही."

आणि मागच्या वेळचं भांडं घेऊन त्या गेल्या.

शनिवारी दहाला कॉनी आली. सव्वीस वर्षांची, बाल्टिमोरला परिचारिका, उंची बापाची आणि बोलणं आईचं.

"डॅड, तुम्ही पुन्हा सूपवर दिवस काढताय का?"

"मासा-शेवया आहेत."

"मिसेस हॉलोवेंच्या? मग सूपच बरं." तिनं फ्रीज उघडला आणि तसाच लावून टाकला.

दोघं वर गेले. कपाटातून कपडे काढून ती खोक्यांत भरत होती, आणि हार्लन पलंगावर बसून ती सांगेल ते धरत होता. खालच्या खणात हातमोजे निघाले. पांढरे, अकरा जोड, पातळ कागदात. शेजारी कार्डांचं खोकं. कॉनीनं एक कार्ड काढून वाचलं.

"मिसेस हार्लन विकरी. बघा, तुम्ही स्वतःशीच लग्न केल्यासारखं वाटतं." हसली, आणि मग तिचं हसू गेलं. "फाइल आली का हो? शेवटी हॉस्पिटलमध्ये ती मला विचारत होती. म्हणाली, कॉनी, आली की तू बघ. माझ्यामुळे तुझ्या वडिलांचं किती नुकसान झालं ते मला जाणून घ्यायचं होतं. नेमकं किती."

हार्लनला हे माहीत नव्हतं. शुक्रवारी रात्री त्यानं ठरवलं होतं, ते पान काढून ठेवायचं. उरलेली फाइल पोरीला द्यायची. चोवीस वर्षांच्या कागदांत एक पान नसलं तर कुणाच्या लक्षात येतंय? खात्याकडूनच राहिलं म्हणायचं. ते पान त्याच्या शर्टाच्या खिशात चौघडी करून ठेवलेलं होतं. छातीला टोचत होतं.

"बस," तो म्हणाला.

"हे एवढं खोकं होऊ दे."

"कॉनी, बस जरा. मी फार थकलोय. पुन्हा एवढं बळ यायचं नाही मला."

ती बसली. त्यानं पान उलगडलं आणि वाचून दाखवलं. मोठ्यानं, ऑफिसात अहवाल वाचायचा तसं, एकही शब्द न गाळता. 'त्यांची प्रकृती ठीक होती' इथं कॉनीनं मान वर केली. दुसऱ्या परिच्छेदाला त्याचा आवाज बसला. तो खाकरला आणि पहिल्यापासून परत वाचला, म्हणजे अर्धवट ऐकलं असं व्हायला नको.

कॉनीच्या मांडीवर हातमोज्यांची एक जोडी होती. त्या मोज्यांचं एक-एक बोट ती ओढून सरळ करत होती.

"हे खरं आहे? तुम्ही गेला होतात?"

"गेलो होतो."

"बोलावलं नसताना?"

"बोलावलं नसताना."

"आणि ती आयुष्यभर समजत राहिली की तिच्यामुळे."

"हो."

"तुम्हीही तसंच समजत होतात?"

हार्लननं विचार केला. खोटं बोलायला आता अंगात त्राण नव्हतं, तेवढाच एक फायदा. "मी ते बघितलंच नाही. तिच्यामुळे, हे मला बरं पडत होतं."

कॉनी उठली आणि खिडकीपाशी गेली. बराच वेळ पाठमोरी उभी होती. रडत होती की नाही ते त्याला कळलं नाही, आणि उठून बघायचं धाडस झालं नाही. मग ती वळली आणि खोकं भरू लागली. स्वेटर, पट्टा, दोन टोप्या. हार्लन धरत राहिला.

शेवटचं खोकं गाडीत ठेवून ती परत आत आली. टेबलावर तिला ते आफ्रिकेचं कार्ड दिसलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं. शेवटची ओळ दोनदा वाचली असावी, कारण ओठ हलले.

"हे काय आहे?"

त्यानं सांगितलं.

"सोळा वर्षं?"

"सोळा."

"झाला चहा," कॉनी म्हणाली, आणि आईच्या आवाजातलं ते वाक्य ऐकून दोघंही दचकले. तिनं खुर्ची ओढून त्याच्यापुढे ठेवली. खणातून कागद काढला, पेन काढलं. "लिहा."

"तू जेवून जा आधी."

"मला जेवायचं नाहीये. आणि मी तुम्हाला माफही केलेलं नाहीये, उगाच तसं समजू नका. तुम्ही लिहा. मी बसलेय."

"काय लिहू?"

"मला काय विचारता? मसुदा चांगला करता म्हणे तुम्ही."

ती टोमणा मारून समोरच बसली, कोट अंगात, गाडीची किल्ली हातात. बाहेर कुणीतरी पानं ओढत होतं. हार्लननं तारीख घातली, पत्ता घातला, 'आदरणीय मिसेस क्वार्टे' लिहिलं. आपण अडेलचा नवरा आहोत असं लिहिलं. हार्लन विकरी हे नाव त्यानंतर. मग थांबला. ती गेली हे आधी लिहावं असं त्याला वाटत होतं, ते सोपं होतं. कॉनी किल्ली बोटात फिरवत होती, घाई करत नव्हती.

शेवटी त्यानं लिहिलं, 'आपण तीन वेळा बोलावलंत तेव्हा माझी बायको आजारी नव्हती. तिला मी सांगितलंच नाही.'

आणि कागद पोरीकडे न दाखवता पुढची ओळ लिहायला घेतली.